झीरो-टर्न मोवर: सपाट माळरानावर जन्मलेले यंत्र

१/ १८३० साली इंग्लंडमधील ग्लॉस्टरशायरच्या एडविन बडिंग यांनी गवत कापणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. कल्पना सुचली ती लोकरी कापडाची लव छाटणाऱ्या यंत्रावरून.

२/ १९६०च्या दशकात अमेरिकेतील कॅन्सासच्या सपाट प्रदेशात जॉन रेगियर यांनी झीरो-टर्न मोवर घडवला. त्याला स्टिअरिंग नव्हते. दोन चाकांसाठी दोन स्वतंत्र दांडे होते. एक चाक पुढे व दुसरे मागे फिरले, की यंत्र जागीच वळे.

३/ हेच त्याचे सामर्थ्य आणि हीच मर्यादा. आजच्या मोवरची पुढची चाके मोकळी असतात. ओल्या उतारावर मागची घसरली, तर दिशा व ब्रेक दोन्ही हातचे जातात.

४/ म्हणून विस्तीर्ण, सपाट, झाडांच्या जमिनीसाठी तो निवडावा. तीव्र उतारासाठी वा तळ्याकाठासाठी नव्हे. यंत्र आपली जन्मभूमी विसरत नाही.