जुन्या सुपरकारची खरेदी

जुन्या सुपरकारची खरेदी म्हणजे पूर्वी एका किंवा अधिक मालकांच्या नावावर असलेली अतिवेगवान, मर्यादित संख्येने निर्माण झालेली व बहुधा आयात केलेली मोटार विकत घेण्याचा व्यवहार. व्यवहाराचे कायदेशीर स्वरूप कोणत्याही जुन्या मोटारीच्या खरेदीसारखेच असते. परंतु मोटारीची मूळ किंमत, सुट्या भागांची दुर्मिळता आणि नोंदणीतील गुंतागुंत यांमुळे येथे चुकीची किंमत कित्येक पटींनी वाढते. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील, विशेषतः नांदेड जिल्ह्यातील बिलोलीसारख्या राज्यसीमेवरील तालुक्यातील खरेदीदाराला लागू पडणाऱ्या बाबींचा विचार केला आहे.

संज्ञा

‘सुपरकार’ या शब्दाची कायद्यात व्याख्या नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या दृष्टीने मारुती आणि फेरारी ही दोन्ही हलकी मोटारवाहनेच होत. १९६६ मध्ये आलेल्या लँबोर्गिनी मिउरा या मोटारीपासून हा शब्द वाहनविषयक लेखनात रूढ झाला, असे सामान्यतः मानले जाते. तिचे बारा सिलिंडरचे इंजिन आसनांच्या मागे आडवे बसवलेले होते. आज फेरारी, लँबोर्गिनी, मॅक्लारेन यांच्या बहुतेक मोटारींना आणि पोर्शच्या काही प्रतिमानांना हा शब्द लावतात. केवळ महाग असलेल्या मर्सिडीज वा बीएमडब्ल्यू सेडानला सुपरकार म्हणणे योग्य नाही, मात्र जिल्ह्याच्या ठिकाणी तसे सर्रास म्हटले जाते.

बिलोली तालुका १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्या काळी या भागात ‘भारी मोटार’ म्हणजे निजामाची मोटार. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी मागवलेली रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट त्यांच्या मृत्यूनंतर, १९१२ च्या सुमारास तयार होऊन सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्याकडे आली. मागील भागात सिंहासनासारखे उंच आसन असलेली ही मोटार समारंभापुरतीच बाहेर निघत असे व ती फारच थोडी धावली. अत्यल्प धावलेली मोटार संग्राहकाला मोलाची वाटते. नित्य वापरासाठी मात्र तोच गुण शंकास्पद ठरतो. कारण उभ्या मोटारीतील रबरी नळ्या, पट्टे, बॅटरी व टायर वापराविनाच जुने होतात.

तेंडुलकर यांची फेरारी

महाराष्ट्रात जुन्या सुपरकारच्या हस्तांतरणाचे सर्वपरिचित उदाहरण सचिन तेंडुलकर यांच्या लाल फेरारी ३६० मोडेनाचे आहे. २००२ च्या एप्रिलमध्ये पोर्ट ऑफ स्पेन येथे तेंडुलकर यांनी २९वे कसोटी शतक झळकावून डॉन ब्रॅडमन यांच्या शतकसंख्येशी बरोबरी केली. त्यानिमित्त फियाट समूहातर्फे ही मोटार त्यांना भेट मिळाली आणि त्याच वर्षी इंग्लंडमधील सिल्व्हरस्टोन येथे मायकेल शूमाकर यांच्या हस्ते ती देण्यात आली. मोटार भारतात आणताना सुमारे १ कोटी १३ लाख रुपयांच्या सीमाशुल्काचा प्रश्न उभा राहिला. केंद्र शासनाने २००३ मध्ये शुल्कमाफी देऊ केली, त्यावर देशभर टीका झाली, प्रकरण न्यायालयात गेले आणि अखेरीस शुल्क फियाट कंपनीने भरले. २०११ मध्ये ही मोटार सुरतच्या एका उद्योजकाने विकत घेतली. पुढील वर्षी प्रदर्शित झालेल्या राजेश मापुस्कर दिग्दर्शित ‘फरारी की सवारी’ या हिंदी चित्रपटाचे कथानक याच मोटारीभोवती फिरते.

या प्रकरणातील क्रिकेटचा भाग बाजूला ठेवला तरी खरेदीदाराला त्यातून दोन गोष्टी कळतात. पहिली, आयात मोटारीच्या किमतीत शुल्काचा वाटा मूळ किमतीहूनही मोठा असू शकतो. म्हणून सीमाशुल्क भरल्याची कागदपत्रे हा मोटारीचाच एक भाग समजावा. दुसरी, मालकाच्या नावाला मिळणारी किंमत पुढील विक्रीत टिकेलच असे नाही. तेंडुलकरांची मोटार ही सर्वांना ठाऊक होती. ‘अमुक नटाने वापरलेली’ म्हणून दाखवल्या जाणाऱ्या मोटारींच्या बाबतीत आरसी बुकात ते नाव आहे काय, एवढे पाहिले तरी पुष्कळ वेळा उलगडा होतो.

यांत्रिक बाजू

वर उल्लेखिलेली ३६० मोडेना १९९९ पासून २००५ पर्यंत तयार होत होती. तिच्या ३.६ लिटर, आठ सिलिंडरच्या इंजिनातील टायमिंग पट्टे किती किलोमीटर धावले यापेक्षा किती वर्षे झाली यावर बदलावे लागतात. पट्टा तुटल्यास झडपा व पिस्टन एकमेकांवर आदळून इंजिन निकामी होते. म्हणून ‘गाडी फिरलीच नाही’ हे विक्रेत्याचे वाक्य ऐकल्यावर पुढचा प्रश्न ‘पट्टे केव्हा बदलले’ हाच असला पाहिजे. स्टिअरिंगमागील पात्यांनी गिअर बदलणाऱ्या त्या काळच्या मोटारींत क्लच शहरी गर्दीत लवकर झिजतो. २०११ च्या लँबोर्गिनी अव्हेंटाडोरपासून पुढे अनेक मोटारींचा मध्यवर्ती सांगाडा कार्बन फायबरचा आहे. त्याला पत्र्यासारखे ठोकून सरळ करता येत नाही आणि त्यावरील तडा वरून रंग दिल्यास साध्या डोळ्यांना दिसतही नाही.

टायरच्या बाजूवर शेवटी चार अंक असतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ मधील तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी फार जुना टायर ताशी दोनशेच्या वेगाला विश्वासार्ह नसतो. सिरॅमिक ब्रेकच्या चकत्या दीर्घायुषी असतात, पण बदलण्याची वेळ आली तर त्या खर्चात एक नवी लहान मोटार येऊ शकते. हे सर्व तपासण्यासाठी त्या कंपनीच्या मोटारींवर काम केलेला तंत्रज्ञ आणि इंजिनच्या संगणकातील नोंदी वाचणारे उपकरण हवे. गावातील अनुभवी मिस्त्रीही येथे हतबल ठरतो. त्याच्या हाताच्या गुणाचा येथे प्रश्नच नाही, संगणकाचे कुलूप त्याला उघडता येत नाही एवढेच. अधिकृत दुरुस्तीकेंद्रे मुंबई, दिल्ली अशा मोजक्या महानगरांत असल्यामुळे बिघडलेली मोटार सपाट ट्रकवर घालूनच न्यावी लागते. दोर बांधून टोचन करणे अशा मोटारीला हानिकारक आहे.

पुरात बुडालेल्या मोटारींचा विचार वेगळा करावा लागतो. मुंबईतील २६ जुलै २००५ चा प्रलय आणि २०१९ चा सांगली-कोल्हापूरचा महापूर यांत असंख्य वाहने पाण्याखाली गेली. पाणी शिरलेल्या मोटारी धुऊन-पुसून दूरच्या जिल्ह्यांत विकल्या जाण्याचा धोका अशा प्रत्येक पुरानंतर असतो. आसनांचे लोखंडी रूळ, पट्ट्यांचा शेवटपर्यंत ओढलेला भाग आणि गालिच्याखालील वायरींचे जोड येथे गाळाची खूण सापडते. सुपरकारमध्ये वायरींचे जाळे इतके दाट असते की बिघाड वर्षभरानेही डोके वर काढतो.

बिलोली परिसरातील वापर

बहुतेक सुपरकारचा तळ जमिनीपासून सुमारे १०० ते १३० मिलिमीटरवर असतो. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच व ३.७ मीटर रुंद, सौम्य उताराचा असावा. प्रत्यक्षात गावोगावी ग्रामस्थांनी हौसेने वा भीतीने घातलेले गतिरोधक या मापात क्वचितच बसतात. बिलोली तालुक्यात मांजरा नदीतील वाळूच्या अवजड वाहतुकीने रस्त्यांवर पडणारा ताण हा स्थानिक पातळीवरील जुना विषय आहे. काही मोटारींत पुढील भाग थोडा उचलणारी यंत्रणा असते. जुनी मोटार घेताना ती आहे काय व चालते काय, हे पाहणे येथे चैनीचे नसून गरजेचे आहे.

समृद्धी महामार्ग नागपूर ते मुंबई असा ७०१ किलोमीटर लांबीचा असून जून २०२५ मध्ये पूर्णपणे खुला झाला. तेथेही मोटारींसाठी वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे. म्हणजे ताशी तीनशे किलोमीटर धावू शकणाऱ्या मोटारीची निम्मी क्षमताही राज्यातील सर्वांत वेगवान रस्त्यावर कायदेशीरपणे वापरता येत नाही. इंधनाचाही प्रश्न आहे. देशातील साध्या पेट्रोलचा ऑक्टेन अंक पूर्वी ९१ च्या आसपास असे, तर या इंजिनांना ९५ वा अधिक लागतो. इथेनॉलचे वाढते मिश्रण जुन्या इंजिनांतील रबरी भागांना मानवेलच असे नाही.

नोंदणी व हस्तांतरण

नांदेड जिल्ह्यातील वाहनांना एमएच-२६, लातूरला एमएच-२४ आणि उदगीरला एमएच-५५ ही चिन्हे आहेत. मांजरेपलीकडील निजामाबादच्या वाहनांवर पूर्वी एपी-२५, तेलंगण राज्य झाल्यावर टीएस-१६ आणि मार्च २०२४ नंतर नवीन नोंदणीत टीजी-१६ दिसते. बोधन, निजामाबाद आणि हैदराबादशी बिलोलीचा रोटी-बेटीचा व बाजाराचा व्यवहार जुना आहे, आणि भारी मोटारींचा हैदराबादेतील बाजार मुंबईच्या मानाने जवळ पडतो. त्यामुळे या भागात परराज्यातील मोटारीचा प्रश्न अपवाद म्हणून येत नाही, तो नेहमीचाच आहे.

राज्यांतर्गत विक्रीत विक्रेत्याने १४ दिवसांत आणि परराज्यात विक्री झाल्यास ४५ दिवसांत हस्तांतरणाची सूचना द्यावी, तर खरेदीदाराने ३० दिवसांत अर्ज करावा, असे अधिनियमाचे कलम ५० सांगते. त्यासाठी नमुना २९ व ३०, परराज्यासाठी ना-हरकत प्रमाणपत्राचा नमुना २८ आणि कर्जाचा बोजा उतरवण्यासाठी नमुना ३५ लागतो. दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून अधिक काळ ठेवलेल्या वाहनाला तेथील नवे नोंदणीचिन्ह घेणे बंधनकारक आहे. त्या वेळी महाराष्ट्राचा एकरकमी कर मोटारीच्या वयाप्रमाणे घटवलेल्या दराने पुन्हा भरावा लागतो. वीस लाखांवरील पेट्रोल मोटारीसाठी नवीन असताना हा दर १३ टक्के आहे. मूळ राज्यात भरलेल्या कराचा परतावा मागता येतो, पण तो मिळेपर्यंतचा काळ हिशेबात धरलेला बरा.

कोऱ्या नमुन्यांवर विक्रेत्याच्या सह्या घेऊन ठेवायच्या आणि नाव न चढवताच मोटार फिरवायची, ही रीत मराठवाड्यात फार रुळलेली आहे. ती दोन्ही पक्षांना घातक आहे. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी स्पष्ट केले की, नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच मालक. मोटार पुढे कितीही हातांत गेली तरी अपघाताच्या भरपाईचे दायित्व त्याच्यावर येते. ज्याने पाच वर्षांपूर्वी मोटार विकून पैसे संपवले, त्याच्या दारी परगावच्या न्यायाधिकरणाची नोटीस येऊ शकते. उलट बाजूने, खरेदीदाराने लाखो रुपये मोजूनही कागदोपत्री तो कुणीच नसतो.

अपूर्ण नोंदणी हा केवळ कारकुनी दोष नसतो. १९ मे २०२४ रोजी पुण्याच्या कल्याणीनगरात एका पोर्श मोटारीच्या धडकेत दोन तरुण अभियंते मृत्युमुखी पडले. त्या मोटारीची कायमची नोंदणी झालेलीच नव्हती. कर्नाटकातील तात्पुरत्या नोंदणीवर ती रस्त्यावर होती आणि १,७५८ रुपयांचे शुल्क भरणे बाकी होते, असे परिवहन विभागाने सांगितले. करोडोंची मोटार आणि दोन हजारांहून कमी रकमेची थकबाकी हे विषम चित्र त्या वेळी सर्वांनी पाहिले.

परदेशातून स्वतः जुनी मोटार आणण्याचा विचार असल्यास आयात धोरणातील अटी कडक आहेत. मोटार तीन वर्षांहून जुनी नसावी, उजव्या बाजूच्या स्टिअरिंगची असावी आणि ती मुंबई बंदरातूनच यावी. त्यामुळे डाव्या स्टिअरिंगची, दहा वर्षे जुनी, ‘नुकतीच दुबईहून आलेली’ मोटार स्वस्तात मिळत असेल, तर स्वस्ताईचे कारण उघड आहे.

विमा व पैसा

मोटार हस्तांतरित होताच तृतीय पक्षाचा विमा खरेदीदाराकडे गेल्याचे कलम १५७ प्रमाणे मानले जाते. स्वतःच्या मोटारीच्या नुकसानीचे संरक्षण मात्र आपोआप जात नाही. त्यासाठी १४ दिवसांत विमा कंपनीकडे नाव बदलून घ्यावे लागते. विक्रेत्याची दावा-विरहित सवलत त्याच्याकडेच राहते. विमा मूल्यासाठीचा रूढ घसारा चार ते पाच वर्षांच्या मोटारीला ५० टक्के आहे. त्यापुढील मूल्य परस्पर संमतीने ठरते, आणि पंधरा वर्षांच्या फेरारीचे मूल्य ठरवताना कंपनी व मालक यांचे एकमत सहसा पटकन होत नाही.

खाजगी व्यक्तीने आपली मोटार विकल्यास वस्तू व सेवा कर लागत नाही. नोंदणीकृत व्यापाऱ्याला त्याच्या नफ्यावर १८ टक्के कर भरावा लागतो. जुन्या मोटारींच्या व्यापाऱ्यांना १ एप्रिल २०२३ पासून परिवहन विभागाचे प्राधिकारपत्र घेण्याचा नियम लागू आहे. ते मागून पाहण्यात संकोच बाळगू नये. २०१७ पासून एका व्यवहारात दोन लाख रुपये वा अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास बंदी असून दंड स्वीकारलेल्या रकमेइतकाच, स्वीकारणाऱ्यावर होतो. तरीही ‘अर्धे पांढरे, अर्धे रोख’ अशी बोलणी होतात. त्यात खरेदीदाराच्या हाती कमी रकमेची पावती राहते आणि वाद झाल्यास न्यायालय तीच रक्कम पाहते.

रस्ते, कालवे व प्रकल्पांसाठी गेलेल्या जमिनीचा मावेजा हाती आल्यावर घरात मोटार येण्याचे उदाहरण मराठवाड्यात गावोगावी सांगितले जाते. मावेज्याच्या रकमेवर बहुधा भावंडांचा व बहिणींचाही हक्क असतो, आणि जमीन गेल्यावर घराचे नियमित उत्पन्न घटलेले असते. अशा घरात जुन्या सुपरकारची खरेदी किंमत परवडते की नाही हा प्रश्न गौण आहे. दरवर्षीचा विमा, सेवा, टायर आणि एखादी मोठी दुरुस्ती उरलेल्या उत्पन्नातून निघते काय, हे आधी पाहावे लागते. या मोटारींचे बाजारमूल्य उतरते, पण सुट्या भागांचे दर नव्या मोटारीच्या किमतीनुसारच राहतात. पुन्हा विकायची वेळ आली तर बिलोली किंवा देगलूरच्या बाजारात गिऱ्हाईक नसते. ते मुंबई, पुणे वा हैदराबादेत शोधावे लागते आणि दलाली द्यावी लागते. केवळ लग्नाच्या वरातीसाठी किंवा हौसेपुरती मोटार हवी असेल, तर मोठ्या शहरांत एका दिवसासाठी भाड्याने मिळण्याची सोय आहे. मात्र भाड्याच्या वाहनाला काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांची वा पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांची नोंदणी लागते. पांढऱ्या पाटीची मोटार भाड्याने घेतल्यास अपघातानंतर विमा कंपनी दावा नाकारू शकते.