जिन्नस

रायपूरच्या शंकर नगरात आमच्या इमारतीच्या गच्चीवर दर रविवारी चार क्लॅरिनेट वाजतात. वाजवणाऱ्यांत एक माझी भाची. दिवाळीनंतरच्या कार्यक्रमात काय वाजवायचं, हे ठरवायला चौघांनी मला बसवलं. मी अनुवादक, एका घरची वस्तू दुसऱ्या घरी नेणं हाच माझा धंदा. आणि चार क्लॅरिनेटना बहुतेक सगळं दुसऱ्याच्या घरूनच आणावं लागतं. न्यूरेंबर्गच्या डेनरने हे वाद्य १७०० च्या सुमारास घडवलं, तरी चौघांसाठी मुद्दाम लिहिलेल्या नावाजलेल्या रचना मुख्यतः विसाव्या शतकातल्या. ऑस्ट्रियाच्या आल्फ्रेड उल यांचं 'डायव्हर्टिमेंटो' त्यांतलंच. पण त्याला चौथं वाद्य बास क्लॅरिनेट लागतं, आणि ते आमच्याकडे नाही.

माझी पहिली यादी चार नाट्यपदांची होती. "मावशी, चारही पदं छान आहेत," भाची म्हणाली, "पण ती एकामागून एक का?" मला उत्तर देता आलं नाही.

ते तंजावरात सापडलं. छत्तीसगडवर राज्य केलं ते नागपूरचे भोसले. तंजावरचे भोसले वेगळे, शिवाजी महाराजांच्या सावत्र भावाचे, व्यंकोजींचे वंशज. त्यांतल्या दुसऱ्या सरफोजींनी (कारकीर्द १७९८–१८३२) दरबारात युरोपीय वाद्यांचा बँड ठेवला होता. त्यांच्याच पदरी चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलु हे चार भाऊ होते, मुत्तुस्वामी दीक्षितारांचे शिष्य. दीक्षितारांनी इंग्रजी बँडच्या चालींवर संस्कृत पदं बांधली. 'गॉड सेव्ह द किंग'च्या चालीवर त्यांनी देवीची स्तुती बसवली. अशी सुमारे ४० पदं 'नोट्टुस्वर' म्हणून ओळखली जातात. 'संगीत सौभद्र' (१८८२) रंगभूमीवर आलं, आपल्या नाट्यपदांवर 'चाल' म्हणून दुसऱ्याच गाण्याचं नाव छापलं जाऊ लागलं, त्याच्या कितीतरी आधीचा हा व्यवहार.

त्या चार भावांनी नृत्याच्या कार्यक्रमाचा क्रम बांधला: अलारिप्पू, जतिस्वरम, शब्दम, वर्णम, पदम, तिल्लाना. भरतनाट्यम अजून त्याच वाटेने जातं. खुद्द सरफोजींच्या नावावर नृत्यासाठी रचलेलं मराठी साहित्य आहे, 'कोरव्यांचे साहित्याचे जिन्नस'. त्यात एकेका निरूपणाचे १८ जिन्नस. राग एक, ताल एक, कथाही एक. पहिला जिन्नस 'जयजय', शेवटचा 'मंगळ'. जिन्नस हा आपला वाणसामानाचा शब्द. मी नुसती यादी करत बसले होते. राजाने त्याच जिनसांचा पदार्थ केला होता.

त्या परंपरेत नृत्याच्या साथीला मुखवीणा नावाचं सनईच्या जातीचं छोटं वाद्य असे. एकोणिसाव्या शतकात तिची जागा क्लॅरिनेटने घेतली. हे सांगितलं तेव्हा चौघांतला एक गप्प झाला. त्याचे आजोबा गंडवा बाजात मोहरी वाजवत. निसान, दफडा आणि त्यांच्या वर चढणारी मोहरी, या आवाजात छत्तीसगडमधली किती लग्नं लागली असतील! मग वरातीत ब्रास बँड आले, त्यांच्यासोबत क्लॅरिनेट आलं, आणि आजोबांची बोलावणी कमी होत गेली. "म्हणजे मुखवीणेचं झालं तेच आमच्या घरी झालं," तो म्हणाला. तरी कार्यक्रमात मोहरीची धून घ्यायला तयार होईना. लोक हसतील म्हणाला.

दोन रविवार वाद झाला. तिसऱ्या रविवारी तो आजोबांनाच घेऊन आला. ते बराच वेळ ऐकत बसले आणि म्हणाले, "सूर तर ठीक आहेत, पण ताठ उभे आहेत. जरा वाकवा." मग बोट एकदम न उचलता हळूहळू सरकवायचं, ओठ किंचित सैल सोडायचे, याची खटपट सुरू झाली. क्लॅरिनेटसाठी कागदावर लिहिलेला 'सी' ऐकू येतो तो काळी पाचचा सूर. सगळे जिन्नस त्याच षड्जावर घ्यायचे ठरले.

आता क्रम असा आहे: आधी दीक्षितारांचं एक नोट्टुस्वर. मग मोझार्टने तीन बॅसेट हॉर्नसाठी लिहिलेल्या डायव्हर्टिमेंटोंतला एक भाग, चौथ्या वाद्यासाठी जागा करून. मग 'सौभद्र'मधलं एक पद. प्रत्येक जिन्नस दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यातून किंवा वाद्यातून आलेला.

आणि मंगळ म्हणून मोहरीची लग्नातली धून. ती वाजवताना पहिलं क्लॅरिनेट त्या मुलाकडे.