पोफळीखालचं पीक

कोकणातल्या आगरात किंवा गोव्याच्या कुळागरात शिरलं की नजर आधी वर जाते. उंच माड, त्यांच्या अधेमधे सरळसोट पोफळी, खोडांना बिलगलेले मिरवेल. घरात रोख पैसा यायचा तो या उंचीवरून. रोजचं जेवण मात्र खालच्या सावलीतून यायचं, आणि त्या सावलीचा इतिहास कागदावर फारसा उतरलाच नाही.

लिहिणाऱ्यांचं लक्ष व्यापारी मालावर होतं. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ 1563 साली गोव्यातच छापला गेला. त्यात सुपारी, नारळ, आलं, हळद यांची चर्चा आहे. इंग्रजी अमदानीत निघालेल्या गॅझेटियरांमध्ये कानडा जिल्ह्याच्या 1883 च्या खंडाने मसाल्याच्या बागांचं तपशिलात वर्णन केलं. परसातल्या अळवाला असा मान कोण देणार?

सावली मात्र आपोआप पडलेली नव्हती. पोफळीचं रोप कोवळं असताना त्याला ऊन सोसत नाही, म्हणून आधी केळी लावायच्या आणि त्यांच्या आडोशाने पोफळी वाढवायच्या. पोफळी मोठ्या झाल्या की त्यांच्या पायथ्याशी आलं, हळद, अळू, सुरण यांची सोय होई. झऱ्याचं किंवा रहाटाचं पाणी पाटाने पोफळीला जाई, ते या पिकांनाही मिळे. झावळ्या आणि पातेरा तिथेच कुजून खत होई.

यात सुरणाची चाल निराळी. एका कंदातून बहुधा एकच पान उगवतं, छत्रीसारखं पसरलेलं. हे पान पिवळं पडून कोलमडलं की कंद काढायला तयार झाला. खोदला नाही तर पुढच्या पावसात पुन्हा पान येतं आणि कंद आणखी पोसतो. त्यामुळे घाई नसे. घरात कार्य निघेपर्यंत तो मातीत राहू शके. कोनफळ आणि करांद्याचे वेल जवळच्या झाडावर सोडायचे. कोनफळ जमिनीत पोसतं, तर करांदे वेलीवरच लटकतात.

अळवाची जागा मोरीजवळ. न्हाणीचं आणि भांड्यांचं पाणी जिथे वाहून जाई, तिथे ते माजे. काळसर देठाचं वडीसाठी, हिरव्या देठाचं फदफद्यासाठी. खाज मोडायला चिंच किंवा आमसूल हवंच, कारण अळवात आणि सुरणात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात.

कागदाने दुर्लक्ष केलं तरी सणांनी या पिकांची आठवण ठेवली. ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमावर पिकलेलं खायचं नाही, असा दंडक. मग त्या दिवशीच्या भाजीत परसातलं अळू, माठ, सुरण, पडवळ, भेंडी एकत्र येतात. गोव्यात खतखत्यात सुरण, कोनफळ आणि इतर कंद तिरफळांच्या वासात शिजतात.

शास्त्रज्ञ या रचनेकडे वळले ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. कासरगोडच्या केंद्रीय संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी 1974 मध्ये नारळाच्या बागेसाठी बहुमजली पीकपद्धती मांडली: वर नारळ, खोडावर मिरी, मध्ये कोको, जमिनीलगत अननस. माड साधारण पंचवीस वर्षांचे झाले की खाली पुरेसा उजेड झिरपतो, हेही संशोधनातून पुढे आलं. रत्नागिरीजवळच्या भाट्ये इथल्या नारळ संशोधन केंद्राची ‘लाखी बाग’ याच वाटेवरची. तिचा भर मात्र जायफळ, दालचिनी, मिरी अशा मसाल्यांवर.

1972 साली स्थापन झालेल्या दापोलीच्या कृषी विद्यापीठाने पुढे अळवाची ‘कोकण हरितपर्णी’ आणि कोनफळाची ‘कोकण घोरकंद’ ही वाणं दिली. मोरीजवळच्या पिकाला अखेर सरकारी दप्तरात स्वतःचं नाव मिळालं.