विधवांचे व्यवसायशिक्षण, महाराष्ट्रातील
विधवांना उपजीविकेस समर्थ करण्यासाठी महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेले संस्थात्मक प्रयत्न. बहुजन समाजातील अनेक जातींत पाट लावण्याची रूढी होती आणि स्त्रिया शेतीत राबत. ब्राह्मणादी जातींत मात्र पुनर्विवाह निषिद्ध होता. १८५६ च्या कायद्याने तो वैध ठरला, तरी रूढी बदलली नाही. बालविधवेस बहुधा अक्षरओळख नसे व घराबाहेर अर्थार्जनास मज्जाव असे. त्यामुळे तिला आयुष्यभर सासर वा माहेर यांच्या आश्रयावर राहावे लागे.

जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढून अशा स्त्रियांना आसरा दिला. पुढे पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन स्थापिले; तेथे निवासाला शिक्षणाची जोड मिळाली. सदन १८९० मध्ये पुण्यास हलले. परंतु धर्मांतराच्या वादामुळे १८९३ मध्ये अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. लोकांचा विश्वास टिकल्याखेरीज असे कार्य टिकत नाही, हे यातून दिसून आले.

धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रमाची मंडळी स्थापिली. त्यांच्या पत्नी आनंदीबाई या शारदासदनात शिकलेल्या विधवा होत्या. प्लेगच्या साथीमुळे १९०० मध्ये आश्रम पुण्याजवळील हिंगणे येथे गेला. आनंदीबाईंच्या विधवा भगिनी पार्वतीबाई आठवले शिक्षण घेऊन आश्रमाच्या कार्यकर्त्या झाल्या. पूर्वी ज्यांना आश्रय हवा होता, त्याच स्त्रिया अशा रीतीने संस्थेच्या आधारस्तंभ बनल्या.

रमाबाई रानडे यांनी गो. कृ. देवधर यांच्या साहाय्याने १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू केले. त्याने शिक्षिका व परिचारिका या दोन व्यवसायांवर भर दिला. परिचारिकांचे शिक्षण ससून रुग्णालयात होई. परपुरुषांची शुश्रूषा व स्पर्शास्पर्शाच्या कल्पना यांमुळे हा व्यवसाय कमी प्रतीचा मानला जाई. स्वतः प्रतिष्ठित घराण्यातील असलेल्या रमाबाईंच्या पाठिंब्यामुळे पालकांचा संकोच काहीसा ओसरला.

हे प्रयत्न प्रारंभी मुख्यतः उच्चवर्णीय स्त्रियांपुरते मर्यादित राहिले, ही त्यांची उणीव होय. तथापि वसतिगृह, शिक्षण, मान्यताप्राप्त व्यवसाय आणि समाजाची संमती ही चारही अंगे एकत्र आली, तेव्हाच विधवेस आश्रित जिण्याऐवजी स्थिर वेतनाचे व मानाचे जीवन लाभू शकले.