घासलेटचा डबा आणि घरातला उजेड

खामगावच्या कापूसबाजाराची कीर्ती आपल्या बुलढाणा जिल्ह्यात कोणाला सांगायला नको. त्या कापसासाठीच जलंबपासून खामगावपर्यंतचा आठ मैलांचा रेल्वेफाटा १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते सुरू झाला. रुईच्या गाठी मुंबईकडे जाऊ लागल्या. पण परतीच्या गाडीतून काय आले? इतर मालाबरोबर पुढे घासलेटचे डबेही आले, आणि आपल्या घरांतली संध्याकाळ बदलली.

त्याआधी दिव्यात काय जळे? जे शेतात पिके ते. करडई, जवस, तीळ, एरंड. गावच्या तेल्याच्या घाण्यावर तेल निघे आणि त्यातलेच थोडे पणतीत पडे. म्हणजे करडईचे तेल भाजीला घालायचे की दिव्याला, असा प्रश्न गरिबाच्या घरी रोजच असे. म्हणून दिवेलागण झाली, सांजवात झाली, की चुलीच्या उजेडातच जेवणे उरकून माणसे अंथरुणावर पडत. एरंडेल सावकाश जळते आणि धूर कमी करते. म्हणून सुरुवातीच्या काळात रेल्वेच्या दिव्यांतसुद्धा तेच वापरीत.

पणती मिणमिणती का, हे गुरुजींनी मुलांना अवश्य दाखवावे. गोडे तेल दाट असते. ते वातीतून हळूहळू वर चढते, म्हणून ज्योत लहान राहते. घासलेट पातळ, ते भराभर चढते, म्हणून वात रुंद करता येते. त्यावर काच बसवली, की तापलेली हवा वर जाते, खालून ताजी हवा ओढली जाते आणि काजळीसुद्धा जळून तिचा उजेड होतो. काचेची ही युक्ती जिनिव्हाच्या आर्गांने घासलेटच्या कितीतरी आधी, १७८० च्या सुमारास काढली होती. पुढे १८५९ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात ड्रेकने तेलाची विहीर खणली आणि त्या काचेला साजेसे स्वस्त तेल जगाला मिळाले.

आधी हे तेल पत्र्याच्या डब्यांत, डबे लाकडी पेटीत, असे जहाजाने येई. १८९२ साली ‘म्युरेक्स’ नावाचे जहाज पोटातल्या टाक्यांत रशियाचे तेल भरून सुएझ कालव्यातून पूर्वेकडे आले. डबा आणि पेटी वाचली, वाहतूक स्वस्त झाली. पण गंमत अशी, की गिऱ्हाइकाला तेलाइतकाच डबाही हवा होता! शेवटी व्यापाऱ्यांना इकडे डबे तयार करून त्यांत तेल भरावे लागले. आपल्याकडे तरी त्या डब्याने काय केले नाही? आडवी दांडी ठोकून पाणी वाहिले, धान्य ठेवले, कापून छपराला पत्रा लावला.

ह्या स्वस्ताईची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. दिव्याच्या तेलाचे गिऱ्हाईक तेल्याच्या हातून गेले. जो पैसा गावातल्या गावात फिरत होता तो बाहेर जाऊ लागला. आणि १९४२ साली ब्रह्मदेश जपानच्या ताब्यात गेला तेव्हा तिकडचे तेल बंद झाले, घासलेटची टंचाई झाली. घरात जे पिकत नाही त्यावर संध्याकाळ सोपवली, की असे दिवस येतात.

म्हणून जाणत्या बाया वातीकडे डोळ्यांत तेल घालून बघत. वात सरळ कापायची, म्हणजे ज्योतीला शिंग फुटत नाही. काच रोज राखेने पुसायची. वात उगाच वर चढवली तर काच काळी होते, तेल जास्त जाते आणि उजेड उलट कमी पडतो. भिंतीला चुना मारला तर तोच कंदील जास्त उजळतो, आणि त्याला वर्षभर काही खर्च नाही. शिसीची उघडी चिमणी सगळ्यांत स्वस्त खरी, पण ती कलंडून किती लेकरे भाजली असतील, त्याचा हिशेब कोणी ठेवला नाही. माझ्या मते तोही दिव्याच्या खर्चातच धरला पाहिजे.

१९६० साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले आणि खांब हळूहळू खेड्यांकडे सरकले. तरी विजेच्या जुन्या पिवळ्या दिव्याचीही खोड चुलीसारखीच होती: बहुतेक वीज उष्णतेत जाई, उजेड थोडा. हात लावला तर चटका बसे. तो चटका आपल्याच पैशाचा. एलईडी दिव्याने हे गणित पालटले. जपानी वंशाच्या तीन शास्त्रज्ञांना निळ्या एलईडीसाठी २०१४ चे नोबेल मिळाले; निळा सापडला म्हणून पांढरा उजेड करता आला. पुढच्याच वर्षी सरकारने ‘उजाला’ योजना काढली.

गुरुजी, फळ्यावर एवढे मांडा. साठ वॅटचा पिवळा दिवा रोज चार तास लावला तर तीस दिवसांत ७.२ युनिट जळतात. तेवढाच उजेड देणाऱ्या नऊ वॅटच्या एलईडीला लागतात १.०८ युनिट. मग मुलांना सांगा, घरी जाऊन प्रत्येक दिव्यावर किती वॅट लिहिले आहे ते वाचून या, आणि माळ्यावर जुना कंदील असला तर तोही घेऊन या. काच मात्र पुसून आणायला सांगा.