सूत कुणाच्या हातात?

आमचे आजोबा इचलकरंजीत खर्चीवाले यंत्रमागधारक होते. म्हणजे माग त्यांचे, विजेचं बिल त्यांचं, कामगाराचा पगार त्यांच्या डोक्यावर, पण सूत व्यापाऱ्याचं. व्यापारी बीम पाठवणार, आजोबा कापड विणून देणार आणि मजुरी मिळणार पिकावर, म्हणजे कापडात आडवे धागे किती पडले त्यावर. सुताचा भाव चढला की व्यापारी म्हणायचा, यंदा मजुरीवाढ विसरा. भाव पडला तरी तेच! "सूत ज्याच्या हातात, कापड त्याचं," असं आजोबा म्हणायचे. पुढे बाबांनी माग विकले आणि आयुष्यभर एकच वाक्य धरून बसले, "आपल्यात हिंमत कमी पडली."

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे गेले काही दिवस मी एका कोरियन कंपनीचा इतिहास वाचतोय. आज तिचं नाव एसके इनोव्हेशन. तेल शुद्ध करते, रसायनं बनवते, विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या बॅटऱ्या बनवते. आणि या सगळ्याच्या मुळाशी काय आहे माहितीये? माग.

सोलच्या दक्षिणेला सुवॉन नावाचं गाव आहे. तिथे जपानी राजवटीत सनक्याँग नावाची कापड गिरणी होती. कोरियन युद्धात ती जळाली. १९५३ साली चे जोंग-गन नावाच्या सत्तावीस वर्षांच्या तरुणानं ती ताब्यात घेतली. तो तिथेच पूर्वी नोकरीला होता. मोडतोडीतून सुटे भाग गोळा करून त्यानं वीसेक माग पुन्हा उभे केले. अस्तराचं कापड विणायला घेतलं, त्यावर छाप कोंबड्याचा. हे अस्तर धुतल्यावर आटत नाही म्हणून लोकांत नाव झालं. १९६२ मध्ये त्यांचं कृत्रिम रेशमाचं कापड हाँगकाँगला निघालं.

इथवर वाचताना मला इचलकरंजीच दिसत होती. पण मग ही मंडळी वेगळ्या वाटेला लागली. सूत बाहेरून घ्यायचं? मग सूतच बनवू. १९६० च्या दशकाच्या शेवटी जपानच्या तेजिन कंपनीच्या साथीनं त्यांनी पॉलिएस्टरचा धागा काढला. पण पॉलिएस्टरचा कच्चा माल येतो नॅफ्थापासून आणि नॅफ्था निघतो खनिज तेलातून. म्हणजे धाग्याचं टोक धरून मागे मागे चालत गेलं की माणूस तेलाच्या टाकीपाशी पोचतो. तेही अशा देशात, जिथे त्या काळी तेलाची एकही विहीर नव्हती!

१९७३ मध्ये त्यांनी तेल शुद्धीकरणाचा बेत आखला. त्याच वर्षी अरब देशांनी तेल अडवलं आणि बेत कोसळला. वर्ष संपायच्या आत जोंग-गन सत्तेचाळिसाव्या वर्षी कर्करोगानं गेले. अमेरिकेत शिकून आलेले धाकटे भाऊ चे जोंग-ह्यून यांनी सूत्रं हाती घेतली आणि सौदी अरेबियाशी संबंध जोडत राहिले.

तिकडे उल्सानला, जिथलं जांगसेंगपो बंदर देवमाशांच्या शिकारीसाठी प्रसिद्ध होतं, सरकारनं कोरिया ऑइल कॉर्पोरेशन काढली होती. स्थापना १९६२ ची, शुद्धीकरण कारखाना १९६४ चा, क्षमता दिवसाला ३५,००० बॅरल. पुढे त्यातला निम्मा हिस्सा अमेरिकेच्या गल्फ ऑइलकडे होता. १९८० मध्ये गल्फनं अंग काढून घेतलं. विकत घ्यायला सॅमसंगसारखे तगडे भिडू उभे होते. सरकारनं माळ घातली सनक्याँगच्या गळ्यात! कोळंबीनं देवमासा गिळला, असं तेव्हा म्हटलं गेलं. (कोरियन म्हण अगदी उलट आहे. देवमाशांच्या भांडणात कोळंबीची पाठ मोडते, अशी.)

गंमत म्हणजे आपल्याकडे चारच वर्षं आधी, १९७६ मध्ये, माहुलची बर्मा-शेल सरकारनं घेतली होती. तिकडे नेमका उलटा प्रवास झाला.

१९९१ मध्ये उल्सानला एथिलीनसकट नवे नऊ कारखाने पुरे झाले आणि 'तेलापासून कापडापर्यंत' ही साखळी पूर्ण झाली. सुवॉनच्या त्या मागांपासून अडतीस वर्षं लागली.

मी खूश होऊन ही गोष्ट फोनवर बाबांना सांगितली. ते म्हणाले, "बघ, मी म्हणत नव्हतो? हिंमत लागते."

आणि तिथेच मला खटकलं. कारण मी पुढचंही वाचलं होतं.

१९८० साल कोरियात कसलं होतं? मे महिन्यात ग्वांगजूमध्ये लष्करानं आंदोलकांवर गोळ्या झाडल्या. सप्टेंबरात जनरल चुन डू-ह्वान अध्यक्ष झाले. नोव्हेंबरात तेल कंपनी कुणाला द्यायची ते ठरलं, तेही त्यांच्याच सरकारात. सौदीचं तेल आणण्याची ताकद हे कारण देण्यात आलं आणि ते खोटं नव्हतं. पण अशा राजवटीत असा निर्णय नुसत्या गुणवत्तेवर होतो, असं म्हणायला जीभ रेटत नाही. शिवाय कामगारांना मोकळेपणी संघटना करता येत नव्हती. १९८७ चा मोठा कामगार लढा पेटला तो उल्सानमध्येच. शेजारच्या ओनसानमध्ये १९८० च्या दशकात गावकऱ्यांचे हातपाय दुखू लागले, त्या दुखण्याला 'ओनसान रोग' असंच नाव पडलं आणि गावंच्या गावं हलवावी लागली. तो दोष काही एका कंपनीचा नव्हे, तिथल्या अख्ख्या औद्योगिक पट्ट्याचा. पण त्या साखळीची किंमत त्यात धरायला नको का?

हिंमत होतीच. जळक्या गिरणीत माग जुळवणाऱ्याला हिंमत नव्हती असं कोण म्हणेल? पण हिंमतीच्या जोडीला परवाना, बँक, सरकार, सौदीतली ओळख आणि थोडीफार वेळही लागते. आजोबांकडे यातलं काय होतं? चार माग आणि व्यापाऱ्याची वही.

आता पुढची गंमत. तेलाचे दिवस कायमचे नाहीत हे ओळखून ही कंपनी बॅटरीकडे वळली. २००४ मध्ये तिनं बॅटरीतला पातळ पडदा, सेपरेटर, स्वतः तयार केला. २०११ मध्ये एसके इनोव्हेशन हे नाव घेतलं, २०२१ मध्ये बॅटरीसाठी एसके ऑन ही वेगळी कंपनी काढली. त्याआधी एलजीनं तंत्रज्ञानाची गुपितं चोरल्याचा दावा अमेरिकेत लावला होता. निकाल विरुद्ध गेला आणि एप्रिल २०२१ मध्ये दोन लाख कोटी वॉनवर तडजोड झाली. बॅटरीच्या धंद्यानं मोठा तोटा दाखवला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये एसके ई अँड एस ही गॅस आणि विजेतली भगिनी कंपनी एसके इनोव्हेशनमध्ये विलीन केली गेली.

आणि बॅटरीला लागतं काय? लिथियम, निकेल, कोबाल्ट. ते येतं ऑस्ट्रेलियातून, चिलीतून, इंडोनेशियातून, काँगोतून. त्यातल्या बऱ्याचशावर प्रक्रिया होते चीनमध्ये. एवढा मोठा देवमासा गिळूनही सूत पुन्हा दुसऱ्याच्याच हातात!

बाबा, तुम्ही हे वाचाल तेव्हा चष्मा लावून शांतपणे वाचा. माग विकले त्या दिवशी तुम्ही जेवला नव्हता, हे मला आठवतंय. हिंमत कमी पडली म्हणून ते गेले नाहीत. तुम्ही दोघांनी मिळून तीस वर्षं परक्या सुतावर घर चालवलं, आमची शिक्षणं केली. ती हिंमत नव्हती तर काय होतं?

फोनवर हे नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहिलं.