घरी अंक लिहायला शिकवताना : बावन्न सांगितलं, पंचवीस लिहिलं

आपल्या घरातल्या मुलासमोर एकाच वेळी तीन प्रकारचे अंक असतात. मराठी शाळेच्या वहीत मराठी, मोबाईलवर आणि घड्याळात इंग्रजी, मकतबच्या कायद्यात आणि पाऱ्यात उर्दू-अरबी वळणाचे. मोरिवलीत आमच्याकडे येणाऱ्या अम्मी सांगतात, "सर, याला सगळं तोंडपाठ आहे, पण लिहायला बसला की गोंधळ." हा गोंधळ मुलाच्या डोक्यातला नाही, अंकांतलाच आहे.

मराठी १ इंग्रजी नऊसारखा दिसतो. मराठी ५ इंग्रजी चारशी जुळतो. मराठी ४ म्हणजे वरून उघडा राहिलेला इंग्रजी आठ. उर्दूतला पाच गोलसर, मुलाला तो शून्य वाटतो, आणि उर्दूचं शून्य म्हणजे नुसतं टिंब! म्हणून लिहायला एका वेळी एकच प्रकार घ्या, जो शाळेच्या पुस्तकात आहे तो. बाकीचे दोन फक्त ओळखू द्या. दहापर्यंत हात बसला की पुढचा प्रकार.

पेन्सिल लगेच देऊ नका. ताटात रवा पसरून बोटाने अंक काढू द्या, मग पाटी, मग मोठ्या चौकटीची वही. सुरुवात कुठून होते ते प्रत्येक वेळी दाखवा. ४ डावीकडे वरून उतरतो, खाली गाठ घेतो आणि उजवीकडे वर जातो. आकार बरोबर दिसला तरी मूल खालून वर काढत असेल तर आताच हात धरून वळवा, नंतर सवय सुटत नाही. उलटा ३ किंवा उलटा ६ मात्र सहा-सात वर्षांपर्यंत बरीच मुलं काढतात. त्यासाठी रागावू नये.

खरी अडचण दोन अंकी संख्येत येते. बावन्न म्हणताना आधी दोन ऐकू येतात, मग पन्नास. मूल ऐकेल तसं लिहितं : २५. उर्दूत 'बावन' म्हटलं तरी तेच. एकोणचाळीस ऐकून ४९ लिहिणारी मुलं तर दर वर्षी भेटतात. त्यातून दादी घरी 'नवासी' म्हणते आणि शाळेत बाई 'एकोणनव्वद'. संख्या एकच, ८९, पण एकीत नऊ आणि ऐंशी, दुसरीत नव्वदला एक कमी. उर्दू वहीत आणखी एक पेच : अक्षरं उजवीकडून डावीकडे, पण संख्या डावीकडूनच लिहायची.

यावर आमचा उपाय काड्यांचा. दहा काड्यांना रबर लावून जुडी करा. पाच जुड्या डावीकडे, दोन सुट्या काड्या उजवीकडे. मुलाने आधी "पाच जुड्या, दोन सुट्या" म्हणायचं, तसंच लिहायचं, आणि मग "याला बावन्न म्हणतात." २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! आम्हाला ते पटलं होतं. अर्थात जुनी नावंही यायलाच हवीत, बाजारात कुणी 'पन्नास दोन' म्हणत नाही.

घाई किती करायची? निपुण भारत अभियान जुलै २०२१ मध्ये सुरू झालं. त्याच्या उद्दिष्टांत बालवाटिकेतल्या मुलाने दहापर्यंतचे अंक ओळखून वाचावेत, आणि पहिलीतल्या मुलाने ९९ पर्यंत संख्या वाचाव्यात, लिहाव्यात असं आहे. चार वर्षांच्या मुलाकडून शंभरपर्यंत पानं भरून घेणाऱ्या पालकांनी हे एकदा पाहावं.

सरावाला वेगळं साहित्य लागत नाही. २०१६ पासून आलेल्या नव्या नोटांवर रक्कम इंग्रजीबरोबर देवनागरी अंकांतही आहे. दहाची, वीसची नोट मुलाच्या हातात द्या, दोन्ही आकडे शोधू द्या आणि मराठीतला पाटीवर उतरवायला सांगा. दिवसाला दहा-पंधरा मिनिटं पुरतात. अब्बू एमआयडीसीतून रात्रपाळी करून आले असतील तर सकाळी नाश्त्याच्या वेळीही चालतं. चूक झाली तर खोडरबर मुलाच्या हातात द्या, तुम्ही खोडू नका. काड्या परत मांडा, त्यालाच मोजू द्या.